मिनिटभर टाळ्या आणि जिमी ग्रीव्ह्ज

मिनिटभर टाळ्या ही इंग्लंडच्या फुटबॉलमधली श्रद्धांजलीची पद्धत. जुना खेळाडू गेला की पुढच्या मॅचला किकऑफच्या आधी दोन्ही टीम मैदानात उभ्या राहतात, स्क्रीनवर त्याचा फोटो येतो आणि अख्खं स्टेडियम मिनिटभर टाळ्या वाजवतं. आपल्याकडे शोकसभा म्हटली की दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं, त्यामुळे पहिल्यांदा बघताना जरा विचित्र वाटतं. पण तिकडेही आधी मौनच पाळायचे, आणि युद्धात गेलेल्यांसाठी दर नोव्हेंबरात आजही मौनच असतं. २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेडचा लाडका खेळाडू जॉर्ज बेस्ट गेला त्यानंतर टाळ्या जास्त रुळल्या. एवढ्या गर्दीत दोघं जण ओरडले तरी मौन मोडतं, टाळ्या मोडत नाहीत, हे एक कारण, आणि ज्याच्यासाठी लोकांनी आयुष्यभर टाळ्या वाजवल्या त्याला निरोपही तसाच द्यावासा वाटतो हे दुसरं, आणि मला विचाराल तर तेच खरं.

या पद्धतीचं मनाला सगळ्यात भिडणारं उदाहरण म्हणजे १९ सप्टेंबर २०२१. त्या दिवशी पहाटे इंग्लंडचे जुने स्ट्रायकर जिमी ग्रीव्ह्ज गेले, वय ८१. आणि त्याच दिवशी लंडनमध्ये मॅच होती टॉटनहॅम विरुद्ध चेल्सी, म्हणजे त्यांचेच दोन जुने क्लब समोरासमोर! एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे हे दोन्हीकडचे लोक, पण त्या मिनिटाला सगळे एकाच माणसासाठी उभे होते. योगायोग असा की १९५७ मध्ये १७ वर्षांचे ग्रीव्ह्ज चेल्सीकडून पहिली लीग मॅच खेळले ती टॉटनहॅमच्याच मैदानावर, आणि गोलही केला. पहिल्याच मॅचला गोल ही तर त्यांची सवयच होती. चेल्सी, इंग्लंड, इटलीतला मिलान क्लब, टॉटनहॅम, वेस्ट हॅम, कुठेही गेले तरी पहिल्या मॅचला गोल, टॉटनहॅमला तर ब्लॅकपूलविरुद्ध थेट हॅटट्रिक.

आकडे सांगायचे तर इंग्लंडच्या टॉप डिव्हिजनमध्ये ३५७ गोल, देशासाठी ५७ सामन्यांत ४४ आणि त्यात सहा हॅटट्रिक, चेल्सीकडून १९६०–६१ च्या एकाच सीझनमध्ये लीगचे ४१. १९६१ मध्ये मिलानला गेले, तिथे करमलं नाही, काही महिन्यांत परत आले. टॉटनहॅमचे मॅनेजर बिल निकल्सन यांनी तेव्हा किंमत मोजली ९९,९९९ पौंड, कारण 'एक लाखाचा पहिला खेळाडू' हे ओझं या पोराच्या डोक्यावर नको. एक पौंड कमी करून दाखवलेली ती माया टॉटनहॅमवाले अजून सांगतात.

१९६६ च्या वर्ल्ड कपची जखम मात्र चाहत्यांच्या मनात राहिली. फ्रान्सविरुद्ध नडगी फाटली, टाके पडले, जागेवर जेफ हर्स्ट आला. फायनलपर्यंत ग्रीव्ह्ज बरे झाले होते, पण जिंकणारी टीम बदलली नाही, बदली खेळाडू उतरवायचा नियम तेव्हा नव्हता, आणि हर्स्टने फायनलला हॅटट्रिक मारली, इंग्लंड जिंकलं. त्या वेळी मेडल फक्त फायनल खेळलेल्या ११ जणांना मिळालं. ग्रीव्ह्जना ते हातात पडलं २००९ मध्ये, ४३ वर्षांनी.

खेळ सोडल्यावर दारूने त्यांना पार पोखरलं. १९७८ मध्ये त्यांनी ती सोडली, परत शिवली नाही, आणि हे सगळं लोकांसमोर उघड बोलले, जे त्या काळात फुटबॉलवाले सहसा बोलत नसत. त्यांची आठवण काढताना गोलांइतकीच ही गोष्ट निघते आणि निघायलाच हवी.

मग टीव्ही. ब्रिटनच्या आयटीव्ही चॅनलवर १९८५ ते १९९२, शनिवारी दुपारी मॅचच्या आधी 'सेंट अँड ग्रीव्ह्सी' हा कार्यक्रम, सोबत लिव्हरपूलचे जुने खेळाडू इयन सेंट जॉन. तोवर टीव्हीवर फुटबॉलवर बोलायचं म्हणजे गंभीर चेहरा, हे दोघं मात्र खदखदून हसायचे. ग्रीव्ह्ज चिमटे काढायचे आणि सेंट जॉन हसून हसून बेजार. 'इट्स अ फनी ओल्ड गेम' हे वाक्य ग्रीव्ह्जच्या नावाला कायमचं चिकटलं ते याच काळात. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, लाइव्ह मॅचचे हक्क स्काय या दुसऱ्या चॅनलकडे गेले आणि कार्यक्रम संपला. सेंट जॉन १ मार्च २०२१ ला गेले, ग्रीव्ह्ज सहा महिन्यांनी. दोघांचे दोन मृत्युलेख एकाच वर्षात वाचावे लागले.

म्हणून ग्रीव्ह्जची आठवण दोन पिढ्यांची आहे आणि दोन्ही वेगळ्या. ज्यांनी त्यांना खेळताना पाहिलं ते सांगतात की जोर लावायचा प्रकार नव्हताच, गोलकीपरला बसवून बॉल जाळ्यात अलगद ठेवायचा. नंतरच्यांनी एकही गोल लाइव्ह पाहिला नाही, त्यांच्यासाठी ते शनिवारच्या दुपारी बाबांबरोबर सोफ्यावर बसून बघितलेले मिशीवाले काका. १९६२ च्या वर्ल्ड कपला ब्राझीलविरुद्धच्या मॅचमध्ये मैदानात कुत्रा घुसला, ग्रीव्ह्जनी गुडघ्यांवर बसून त्याला पकडलं आणि त्याने त्यांच्या अंगावरच मुतलं, हा किस्सा मात्र दोन्ही पिढ्यांना पाठ.

टॉटनहॅमसाठी त्यांचे २६६ गोल, क्लबसाठी सगळ्यात जास्त. २०१५ च्या स्ट्रोकनंतर बोलणं-चालणं अवघड झालं होतं, पण हा रेकॉर्ड शेवटपर्यंत त्यांचाच होता. टॉटनहॅमच्याच हॅरी केनने तो मोडला ५ फेब्रुवारी २०२३ ला, मँचेस्टर सिटीविरुद्ध घरच्या मैदानावर. त्या दिवशीही सगळ्यांच्या तोंडी केनच्या नावासोबत ग्रीव्ह्जचं नाव होतं.