हललेला फोटो डिलीट करण्यापूर्वी

ऑलिंपिक किंवा विश्वचषक प्रत्यक्ष मैदानात बसून पाहण्याचा योग बहुतेकांच्या आयुष्यात एकदाच येतो. परतल्यावर गॅलरी उघडावी, तर निम्मे फोटो हललेले, दाणेदार, नाहीतर आडवे पट्टे पडलेले. खेळाडू मुंगीएवढा आणि पुढच्या रांगेतल्या माणसाचे टक्कल मात्र सुस्पष्ट. यातल्या प्रत्येक दोषामागे प्रकाशाचा किंवा वेळेचा साधा हिशेब असतो. तो समजला की कोणता फोटो सुधारेल, कोणता सुधारणार नाही आणि कोणत्याला हातच लावू नये, हे ठरवणे सोपे जाते.

आधी अंतराचे पाहू. तुम्ही खेळाडूपासून 80 मीटरवर बसला आहात असे धरा. फोनच्या नेहमीच्या मुख्य कॅमेऱ्यात त्या अंतरावर सुमारे 115 मीटर रुंदीचे दृश्य मावते. फोटो 4000 पिक्सेल रुंद असेल, तर एका पिक्सेलच्या वाट्याला जवळपास 3 सेंटिमीटर येतात. म्हणजे 15 सेंटिमीटर रुंदीचा चेहरा आडव्या 5 पिक्सेलमध्ये संपला. एवढ्यात नाक-डोळे बसवायचे कुठे? म्हणून बोटांनी मोठा करायला गेले की फोटो फाटतो. जास्त मेगापिक्सेलचा फोनही इथे फार कामाचा नाही. त्याच्या लेन्सचे तोंड जेमतेम 3.3 मिलिमीटरचे असते आणि प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना तो पसरतो त्यामुळे, एवढ्याशा तोंडाला 80 मीटरवरचे दीड सेंटिमीटरहून बारीक तपशील वेगळे दिसूच शकत नाहीत. सीमारेषेबाहेर बसलेल्या छायाचित्रकाराच्या 400 मिमी, एफ 2.8 लेन्सचे तोंड 400 भागिले 2.8, म्हणजे 14 सेंटिमीटरचे असते. ती फोनच्या सुमारे 1800 पट प्रकाश गोळा करते, तेव्हा तिच्याशी बरोबरी करायला जाऊच नये.

झूममुळे चेहरा मोठा होतो, पण त्याच्याबरोबर हलणेही मोठे होते. उसेन बोल्टने 2009 साली बर्लिनमध्ये 100 मीटर 9.58 सेकंदांत पार केले, म्हणजे सरासरी सेकंदाला 10.4 मीटर. शटर, म्हणजे प्रकाश आत घेणारी झडप, 1/60 सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्यात असा धावपटू 17 सेंटिमीटर सरकतो. मुख्य कॅमेऱ्यात ते 6 पिक्सेल होतात, पाचपट ऑप्टिकल झूममध्ये 30. हलल्याची खूण पुसायची तर शटर 1/1000 च्या आसपास हवे. मग प्रकाश कमी पडतो आणि फोटोत दाणे येतात. दिव्यांच्या उजेडात फोन बहुतेक वेळा हललेला फोटो पत्करतो.

हललेला फोटो दोन प्रकारचा असतो आणि त्यांतला फरक लगेच ओळखता येतो. गोलपोस्ट, जाहिरातीचे फलक, दिवे असे सगळेच एका दिशेला फरपटलेले दिसत असेल, तर तुमचा हात हलला. दूरच्या दिव्याचा ठिपका मोठा करून पाहिलात तर हात कसा हलला त्याची वेडीवाकडी रेघच तिथे सापडते. सॉफ्टवेअर हीच रेघ उलटी चालवून असा फोटो बऱ्यापैकी सावरू शकते. फलक स्पष्ट आणि खेळाडू तेवढा पुसट असेल, तर मात्र तो हलला आहे. त्याचे हात एका वेगाने गेलेले असतात, धड दुसऱ्या. एकच रेघ नसल्यामुळे उलटी चालवायला काही उरत नाही.

पण असा फोटो मोजता येतो. समजा, फोटोत क्रिकेटच्या चेंडूची लांबट रेघ उमटली आहे आणि ती चेंडूच्या जाडीच्या दहापट लांब आहे. चेंडूचा व्यास सुमारे 7.2 सेंटिमीटर. दहातून चेंडूची स्वतःची एक जाडी वजा केली की उरल्या नऊ, म्हणजे 65 सेंटिमीटर. फोटोच्या माहितीत शटर 1/60 दिसत असेल, तर वेग सेकंदाला 39 मीटर, ताशी 140 किलोमीटर. चेंडू तुमच्या नजरेला काटकोनात जात असेल तरच हा आकडा खरा; तिरका जात असेल तर खरा वेग याहून जास्त. लख्ख, गोठलेल्या चेंडूच्या फोटोतून ही माहिती कधीच मिळाली नसती.

दाण्यांची गोष्ट आकडेशास्त्राची आहे. पिक्सेलवर सरासरी 10,000 प्रकाशकण पडत असतील, तर त्यात 100 इकडेतिकडे होतात, म्हणजे 1 टक्का. सरासरी 100 असतील तर 10 इकडेतिकडे होतात आणि चढउतार 10 टक्क्यांवर जातो. सावलीतली कातडी वाळूसारखी दिसते ती यामुळे. नाइट मोड अनेक फ्रेमची सरासरी काढतो. 9 फ्रेम जुळवल्या तर दाणे एक तृतीयांशावर येतात. प्रेक्षकांच्या गॅलऱ्या आणि छत यांच्यासाठी हे उत्तम आहे. पळणाऱ्या माणसावर वापरला तर तीन हातांचा खेळाडू मिळायचा. फ्लॅश तर बंदच ठेवा. 4 मीटरच्या तुलनेत 80 मीटरवर तो 400 पट क्षीण पडतो. उजळते ते पुढच्या रांगेतले डोके. मग फोन त्या डोक्याच्या बेताने एक्सपोजर कमी करतो आणि मैदान आणखी काळे पडते.

आडवे पट्टे आणि वाकलेल्या बॅटी यांचे मूळ एकच. फोनचा सेन्सर सगळी चौकट एकदम टिपत नाही, एकेक ओळ वाचत जातो आणि त्याला 10 ते 30 मिलिसेकंद लागतात. 50 हर्ट्झच्या विजेवर साधे दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होतात. वाचनाला 20 मिलिसेकंद आणि शटर 1/1000 असेल, तर चौकटीत दोन काळपट पट्टे येणार. शटर 1/100 केले की प्रत्येक ओळीला एक पूर्ण आवर्तन मिळते आणि पट्टे जातात. जिथे वीज 60 हर्ट्झची, तिथे 1/120 ठेवा. मोठ्या स्टेडियमचे दिवे स्लो मोशन प्रक्षेपणासाठी न लुकलुकणारे केलेले असतात. जाहिरातीचे एलईडी फलक मात्र हमखास पट्टे देतात. बॅटीचेही तेच. तिने चौकटीच्या उंचीचा पाव भाग व्यापला असेल, तर तिच्या दोन टोकांच्या नोंदीत 5 मिलिसेकंदांचे अंतर पडते. सेकंदाला 25 मीटर वेगाने फिरणारे टोक तेवढ्यात 12 सेंटिमीटर पुढे गेलेले असते आणि बॅट केळ्यासारखी दिसते.

हा दोष जुना आहे आणि तो गाजलेलाही आहे. फ्रान्समध्ये 1912 च्या (काहींच्या मते 1913 च्या) ग्रांप्री मोटार शर्यतीत झाक आंरी लार्तिग या तरुणाने गाडीबरोबर कॅमेरा फिरवत एक फोटो काढला. गाडीचे चाक पुढे कललेले अंडाकृती झाले, मागचे प्रेक्षक उलट्या बाजूला झुकले आणि निम्मी गाडी चौकटीबाहेर गेली. शटरची फट खालपासून वरपर्यंत दृश्य टिपत गेली, गाडी कॅमेऱ्यापेक्षा वेगाने सरकत राहिली, त्याचा हा परिणाम. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 1963 मध्ये लार्तिगचे प्रदर्शन भरवले आणि पुढे वेगाचे चित्र म्हटले की हाच फोटो दाखवला जाऊ लागला. शर्यतीचा निकाल देणारा फोटो-फिनिश कॅमेरा तर मुद्दाम असेच करतो. तो फक्त अंतिम रेषेची उभी फट पुन:पुन्हा टिपतो, त्यामुळे धावपटूंचे पाय ताणलेले, तळवे लांबुडके दिसतात. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2024 साली 100 मीटर शर्यतीत नोआ लाइल्स 9.784 आणि किशाने थॉम्पसन 9.789 सेकंद, हा 5 सहस्रांशांचा निवाडा अशाच वेड्यावाकड्या चित्रावरून झाला. थॉम्पसनचा पाय रेषेवर आधी पोचला होता, पण मोजतात ते धड.

आठवणींच्या बाजूने पाहिले तर मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांचा 2014 मधला प्रयोग उपयोगी आहे. संग्रहालयातल्या वस्तूंचे पूर्ण फोटो काढणाऱ्यांना त्या वस्तू नुसत्या पाहणाऱ्यांपेक्षा कमी आठवल्या. एखाद्या भागावर झूम केलेल्यांच्या बाबतीत ही घट दिसली नाही. अलिक्झांड्रा बराश आणि सहकाऱ्यांना 2017 मध्ये आढळले, की स्वेच्छेने फोटो काढणाऱ्यांना पाहिलेले जास्त लक्षात राहते आणि ऐकलेले कमी. म्हणून सामना ऐन रंगात असताना फोन खिशात ठेवून अर्ध्या मिनिटाचे नुसते ध्वनिमुद्रण करावे. फोटोंपैकी दोन-चार स्कोअरबोर्डचे, आसन क्रमांकाचे, शेजाऱ्यांच्या चेहऱ्यांचे असू द्या. त्या अंतरावरून हेच धड येतात.

घरी आल्यावर पहिले काम वेळेचे. फोन स्थानिक वेळ आपोआप धरतो, वेगळा कॅमेरा बहुधा धरत नाही. म्हणून सामन्याच्या गावी असतानाच त्या कॅमेऱ्याने फोनवरच्या सेकंद दाखवणाऱ्या घड्याळाचा एक फोटो काढून ठेवा, घरी फरक मोजा आणि एक्झिफटूलसारख्या साधनाने सगळ्या फोटोंची वेळ तेवढीच सरकवा. मग अधिकृत धावफलकाशी वेळ ताडून पाहता येते आणि ओळखू न येणारा पुसट ठिपका नेमक्या कोणत्या क्षणाचा, हे कळते. हीच माहिती निरोपांच्या ॲपवर फोटो पाठवताना गळते, वर फोटो दाबून लहान केला जातो. मूळ फाइल हवी तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

सुधारणा नेहमी प्रतीवर करा: आधी दाणे कमी, मग उजेड, कडांची कातर शेवटी. रंगीत दाणे फारच असतील तर कृष्णधवल करून पाहा. चेहरे ‘स्पष्ट’ करून देणाऱ्या एआय ॲपला मात्र हा फोटो देऊ नये. पाच पिक्सेलमध्ये चेहरा नव्हताच. ॲप जो दाखवते तो दुसऱ्याच कुणाचा तरी असतो. त्यापेक्षा छोटी छपाई बरी. 10 बाय 15 सेंटिमीटरला इंचाला 300 ठिपके धरले तर 1772 बाय 1181 पिक्सेल पुरतात. 4000 पिक्सेलचा फोटो एवढा लहान झाला की सुमारे पाच पिक्सेलचा एक होतो, दाणे निम्म्याहून खाली येतात आणि थोडेसे हललेलेही दिसेनासे होते. तिकीट उष्णतेने छापलेल्या गुळगुळीत कागदावर असेल तर त्याचा स्कॅन त्याच आठवड्यात करा. ऊन लागले किंवा पीव्हीसीच्या पाकिटात राहिले तर त्यावरची अक्षरे फोटोंच्या कितीतरी आधी उडतात.