फिन्स आपल्या टँकपर्यंत कसे आले

सकाळी पुण्याच्या टिळक टँकवर, म्हणजे पोहण्याच्या तलावावर, पोरांच्या जाळीच्या पिशव्यांतून फिन्स (पायात घालायची रबरी पाती) बाहेर डोकावत असतात, आणि काठावर बसलेले आजोबा विचारतात की हे घातल्यावर पोहणं सोपंच होणार ना, मग शिकणार काय. प्रश्न रास्त आहे, त्यांची पिढी पाठीला डबा बांधून विहिरीत शिकली आणि डबा सुटला की शिक्षण झालं.

फिन्स मुळात शर्यतीसाठी नव्हतेच. फ्रेंच नौदलातल्या लुई द कोर्लियो यांनी १९३३ मध्ये पेटंट घेतलं, मग अमेरिकेच्या ओवेन चर्चिल यांनी (हे १९३२ चे ऑलिम्पिक सुवर्णविजेते, पण शिडाच्या बोटीत) १९४० च्या सुमारास रबरी फिन्स विकायला काढले आणि महायुद्धात ते नौदलाच्या, पाण्यात बुडी मारणाऱ्या सैनिकांच्या पायात गेले.

टँकमधली खरी गोष्ट १९८८ ची, सोल ऑलिम्पिक. डेव्हिड बर्कॉफ १०० मीटर बॅकस्ट्रोकच्या (पाठीवर पोहण्याच्या) हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, फिन्सशिवायच हात ताणून पाण्याखालून डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून एकत्र मारायची) मारत साधारण ३५ मीटर गेला आणि ५४.५१ सेकंदांचा विश्वविक्रम केला! फायनलला मात्र जपानचा दाइची सुझुकी जिंकला, तोही पाण्याखालूनच. लगेच पाण्याखालच्या अंतरावर मर्यादा आली, आधी १० मीटर, मग १५, आणि पुढे १९९८ मध्ये बटरफ्लाय-फ्रीस्टाइल या प्रकारांनाही १५. माझ्या मते या नियमानेच पाण्याखालची किक सगळ्यांच्या प्रॅक्टिसमध्ये आणली, कारण प्रत्येक भिंतीनंतर १५ मीटर मिळणार असतील तर ते कोण वाया घालवेल, २५ मीटरच्या टँकमध्ये तर अर्ध्याहून जास्त अंतर झालं ते.

आणि इथेच फिन्स कामाला येतात. बहुतेक पोरं गुडघ्यातून खाली जोरात मारतात आणि परत येणारी किक रिकामी सोडतात. फिन्सचं पातं मोठं असल्याने पाणी दोन्ही बाजूंनी पायाला लागतं, घोटा ताणला जातो, हालचाल कमरेतून सुरू करावीच लागते. लांब पात्याने लय मंदावते म्हणून आखूड बरे. श्वास रोखायची पैज मात्र अजिबात नको, आधी भराभर श्वास घेऊन तर नकोच, पाण्याखाली शुद्ध जाते, काठावर कोणीतरी लक्ष ठेवून हवंच.

माझी भाची चार लेंथ (टँकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक) फिन्स घालून मारते, मग काढून लगेच दोन. पहिल्यांदा वर आली तेव्हा म्हणाली, "मामा, आता पायाच्या मागच्या बाजूला पण पाणी लागतंय."