रेषीय बीजगणित : पहिला अभ्यासक्रम (बडोदे)

एकघाती समीकरणांचे संच, मॅट्रिक्स (आडव्या-उभ्या ओळींत मांडलेला संख्यांचा तक्ता), सदिश अवकाश आणि रेषीय रूपांतरे यांचा अभ्यास करणारी गणिताची शाखा म्हणजे रेषीय बीजगणित. बोलण्यात सर्रास ‘लिनिअर अल्जिब्रा’. बडोद्याच्या शाळांतून गुजरातीत ‘रेषीय’ला ‘सुरेख’ म्हणतात. त्यामुळे गुजराती माध्यमात शिकलेल्या मराठी मुलाला दहावीत ‘सुरेख समीकरण’ भेटते आणि यात सुरेख ते काय, असा प्रश्न घरी हमखास निघतो. मॅट्रिक्सला गुजराती पुस्तक ‘श्रेणिक’ म्हणते. महाराजा सयाजीराव विद्यापीठात (स्थापना १९४९) मात्र शिकवण्याचे माध्यम इंग्रजी आहे, म्हणजे हा विषय घरी मराठी, बाजारात गुजराती आणि वर्गात इंग्रजी अशा तीन भाषांमधून वाट काढत शिकावा लागतो. विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखा ज्या कलाभवनातून वाढली, तिथे १८९० पासून तांत्रिक शिक्षण देशी भाषेतून देण्याचा प्रयोग झाला होता, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

विषयाच्या पोटात खरे तर दोन विषय आहेत. पहिला हिशेबाचा. दांडियाबाजारातल्या एका घराने दोन किलो चिवडा आणि एक किलो भाकरवडी घेतली, बिल झाले ९०० रुपये. दुसऱ्या खेपेला चार किलो चिवडा, दोन किलो भाकरवडी, बिल १८००. समीकरणे दोन, पण दुसरे म्हणजे पहिल्याचीच दुप्पट. त्यातून नवे काहीच कळत नाही आणि भाव अगणित प्रकारे बसतात. दुसरे बिल १७५० झाले असते, तर कोणताच भाव बसला नसता : एकतर दुकानदाराने सूट दिली किंवा बेरीज चुकली. दुसऱ्या खेपेला एकेक किलो घेऊन ५०० झाले असते, तरच उत्तर एकमेव निघते (चिवडा ४००, भाकरवडी १००). उत्तर एक, अनंत किंवा शून्य, चौथा पर्याय नाही. समीकरणांतले सहगुणक मॅट्रिक्समध्ये मांडायचे आणि पंक्तिक्रियांनी (एका ओळीची पट दुसरीतून वजा करणे वगैरे) ती पायरीच्या रूपात, म्हणजे खालच्या ओळींत डावीकडे शून्ये वाढत जातील अशी, आणली की यांपैकी काय घडते ते दिसते. उरलेल्या शून्येतर पंक्तींच्या संख्येला ‘रँक’ म्हणतात.

बारावीहून आलेल्यांना इथे एक सवय सोडावी लागते. शाळेत निश्चयक (डिटर्मिनंट, चौरस मॅट्रिक्समधून निघणारी एक संख्या) काढून, व्यस्त (इन्व्हर्स) मॅट्रिक्सने गुणून उत्तर मिळत असे. ती रीत फक्त चौरस मॅट्रिक्सला आणि निश्चयक शून्य नसतानाच चालते. शिवाय महाग पडते : २० × २० मॅट्रिक्सचा निश्चयक व्याख्येप्रमाणे उलगडला, तर पदे २४ वर १७ शून्ये इतकी होतात; पंक्तिक्रियांना तेच काम काही हजार गुणाकारांत जमते. तरीही परीक्षेत पहिला हात निश्चयकाकडेच जातो. इतिहासातही निश्चयकच आधीचे. निश्चयकांनी समीकरणे सोडवण्याचा क्रेमरचा नियम १७५० चा, तर ‘मॅट्रिक्स’ हा शब्द गणिती सिल्वेस्टरने १८५० मध्ये वापरला आणि केलीने १८५८ मध्ये तिचे बीजगणित मांडले.

दुसरा विषय सदिश अवकाशाचा, म्हणजे ज्यातल्या वस्तूंची बेरीज करता येते आणि त्यांना संख्येने गुणता येते अशा संचाचा. त्याच्या स्वयंसिद्धी (गृहीत धरलेले मूळ नियम) गणिती पेआनोने १८८८ मध्ये दिल्या. अभ्यासक्रम इथेच अडतो. सदिश म्हणजे भौतिकशास्त्रातला बाण, ही ओळख सुटते आणि बहुपदीसुद्धा सदिश ठरते. घात दोन किंवा त्याहून कमी असलेल्या बहुपदींच्या अवकाशाची मिती तीन असते (१, क्ष, क्ष² हा पाया, यांतून बाकी सगळ्या बनतात; पायातल्या सदिशांची संख्या म्हणजे मिती), पण दोन लिहिणारे दरवर्षी सापडतात. ‘हा संच उपावकाश (मोठ्या अवकाशातला, स्वतःही सदिश अवकाश असलेला संच) आहे हे सिद्ध करा’ या प्रश्नाला आकडा हे उत्तर नसते; अनेक जण दोन उदाहरणे तपासून मोकळे होतात. आरंभबिंदूतून जाणारी रेषा उपावकाश असते, य = क्ष + १ नसते, कारण शून्य सदिश तिच्यावर नाही. बेरीज केल्यावर आणि अदिशाने (साध्या संख्येने) गुणल्यावर संचातच राहतो का, ही तपासणी पुढची.

शब्दही दगा देतात. ‘परावलंबी’ म्हटले की कोण कोणावर, असे मन विचारते. पण रेषीय परावलंबन हा साऱ्या संचाचा गुण आहे : एक जरी सदिश इतरांना संख्यांनी गुणून आणि बेरीज करून मिळाला, की सारा संच परावलंबी. (१, ०), (२, ०), (०, १) हा संच परावलंबी आहे, जरी तिसरा सदिश पहिल्या दोघांच्या जोरावर उभा नसला तरी. ‘आयगेन’ हा जर्मन शब्द, अर्थ ‘आपला स्वतःचा’. रूपांतरानंतरही ज्याची रेषा बदलत नाही तो आयगेन सदिश. त्याची व्याख्या पाठ करण्यापेक्षा नवरात्रात गरब्याच्या मैदानाकडे पाहावे. वर्तुळ पाव फेरी फिरले की मैदानातल्या प्रत्येक बाणाची दिशा पालटते, म्हणून प्रतलातल्या या परिभ्रमणाला वास्तव आयगेन सदिश नाही. तीन मितींत मात्र मधोमध ठेवलेल्या गरब्यातून (दिवा ठेवलेल्या मातीच्या घटातून) सरळ वर जाणारी उभी रेषा जागच्या जागी राहते, आणि तिचे आयगेन मूल्य, म्हणजे तिच्यावरचा सदिश जितक्या पट होतो ती संख्या, १.