कॅन्सर बरा झाला, मग दुखतंय कशाने?

"रिपोर्ट चांगले आलेत ना? मग आता कसलं दुखणं? मनातून काढून टाका." कॅन्सरमधून बाहेर पडलेल्या माणसाला हे आप्तांकडून ऐकावं लागतं, कधी तर डॉक्टरांकडूनही. गाठ म्हणजे दुखणं, गाठ गेली की दुखणं संपलं, असा साधा हिशेब यामागे असतो. तो चुकीचा आहे, आणि का चुकीचा आहे हे आज पेशींच्या पातळीवर बरंच सांगता येतं.

२०१४ साली अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली. चेतांना (संवेदना वाहून नेणाऱ्या नसांना) इजा करू शकणारी केमोथेरपी घेतलेल्या रुग्णांपैकी सुमारे ६८ टक्क्यांना उपचार संपल्यावर पहिल्या महिन्यात चेतांच्या इजेची लक्षणं होती. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ उलटल्यावरही हे प्रमाण सुमारे ३० टक्के होतं. ही झाली फक्त केमोची गोष्ट. शस्त्रक्रियेत कापल्या गेलेल्या चेता, रेडिएशनमुळे ताठरलेल्या ऊती, स्तनाच्या कॅन्सरनंतर वर्षानुवर्षं घ्याव्या लागणाऱ्या अरोमाटेज रोधक (शरीरात इस्ट्रोजेन बनणं रोखणाऱ्या) गोळ्यांनी धरलेले सांधे, ही दुखणी वेगळीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात कॅन्सरच्या उपचारांनंतर उरणाऱ्या जुनाट वेदनेला स्वतंत्र स्थान आहे. ती मनाचे खेळ नव्हे.

पॅक्लिटॅक्सेल या औषधाचं उदाहरण घेऊ. स्तनाच्या आणि बीजाशयाच्या कॅन्सरवर ते सर्रास वापरतात. प्रत्येक पेशीत सूक्ष्मनलिका असतात आणि पेशीविभाजनाच्या वेळी त्या सतत जुळत-सुटत असतात. पॅक्लिटॅक्सेल त्यांना सुटूच देत नाही, म्हणून कॅन्सरपेशीचं विभाजन अडतं. चेतापेशी विभागत नाहीत, पण त्यांना याच नलिका मालवाहतुकीसाठी लागतात. पायाच्या अंगठ्याची संवेदना आणणाऱ्या चेतापेशीचा मुख्य भाग पाठीच्या कण्याजवळ असतो आणि तिथून अंगठ्यापर्यंत तिचा जवळपास मीटरभर लांबीचा तंतू गेलेला असतो. वाहतूक बिघडली की सर्वांत लांबचं टोक आधी उपाशी पडतं. म्हणूनच मुंग्या, जळजळ, बधिरपणा आधी पायाच्या बोटांत येतो आणि नंतर हातांच्या.

पण निव्वळ इजेने सगळी वेदना उलगडत नाही. मला सर्वांत विलक्षण वाटतो तो यातला दाहाचा, म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेच्या चेतावणीतून होणाऱ्या 'इन्फ्लमेशन'चा भाग. रक्तातली बरीचशी रसायनं मेंदूत शिरू नयेत म्हणून तिथे पक्का अडसर असतो. मेरुरज्जूच्या दोन्ही बाजूंना, मणक्यांच्या फटींत संवेदी चेतापेशींचे छोटे गुच्छ असतात; त्यांच्याभोवतीचा अडसर मात्र फार सैल आहे. औषध तिथे साचतं. या चेतापेशींवर आणि आजूबाजूच्या रोगप्रतिकारक पेशींवर टीएलआर-४ नावाचा ग्राही, म्हणजे ठरावीक रेणू ओळखणारं प्रथिन, असतो. त्याचं मूळ काम म्हणजे ठरावीक जिवाणूंच्या आवरणातला एक घटक ओळखणं. प्राण्यांवरील प्रयोगांत असं दिसलं, की पॅक्लिटॅक्सेलमुळे हाच ग्राही चेतवला जातो. एकही जिवाणू नसताना शरीर संसर्गाविरुद्धची तयारी सुरू करतं! चेतापेशी सीसीएल-२ हे रसायन सोडतात, त्या मागावर मॅक्रोफेज या प्रतिकारपेशी गुच्छात येऊन ठाण मांडतात आणि टीएनएफ-आल्फा, इंटरल्युकिन-१ बीटा अशी दाहक प्रथिनं ओतू लागतात.

या प्रथिनांमुळे चेतापेशीच्या पटलावरचे आयनमार्ग, म्हणजे विद्युतभारित कणांना आत-बाहेर सोडणारी दारं, बदलतात. टीआरपीव्ही-१ हा मार्ग एरवी सुमारे ४३ अंश सेल्सियसला उघडतो आणि आपल्याला चटका जाणवतो. (याचा शोध लावणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१चं नोबेल विभागून मिळालं.) दाहक रसायनांच्या सान्निध्यात हा उंबरठा इतका खाली येऊ शकतो, की शरीराचं नेहमीचं तापमानही त्याला पुरेसं होतं. सोडियमचे मार्गही अधिक सहज उघडतात, आणि चेतापेशी बाहेरून काहीच झालं नसताना आपणहून संदेश धाडू लागते. हा मारा सतत चालू राहिला की मेरुरज्जूतल्या ॲस्ट्रोसाइटसारख्या सहायक पेशी सक्रिय होतात, तिथल्या चेतापेशींवरचा लगाम सुटतो आणि चादरीचा स्पर्शही मेंदूपर्यंत वेदना म्हणून पोहोचतो.

मग दाह दाबून टाकला की झालं? "दाह मुळापासून घालवणाऱ्या" गोळ्या विकणारे हेच सांगतात. त्यांच्यावर विश्वास ठेवण्याआधी दोन गोष्टी माहीत असाव्यात. चेतांना पोषक आणि निरुपद्रवी म्हणून गाजलेलं अ‍ॅसिटिल-एल-कार्निटिन हे पूरक केमो घेणाऱ्या स्त्रियांवर रीतसर चाचणीत तपासलं गेलं. २०१३ साली निकाल आला: ते घेणाऱ्यांची चेतांची लक्षणं न घेणाऱ्यांपेक्षा अधिक बिघडली होती. "नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना" हा युक्तिवाद किती पोकळ आहे, हे यातून कळावं.

दुसरी गोष्ट मला फार मोलाची वाटते. दाह पेटवणारी प्रतिकारयंत्रणाच तो शमवतेसुद्धा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात टी-पेशी (प्रतिकारपेशींचा एक प्रकार) नसलेल्या उंदरांना पॅक्लिटॅक्सेल दिलं, तेव्हा त्यांची वेदना नेहमीच्या उंदरांपेक्षा बराच जास्त काळ टिकली. त्यांच्यात सीडी-८ प्रकारच्या टी-पेशी सोडल्यावर ती वेळेवर ओसरू लागली. इंटरल्युकिन-१० या दाहशामक प्रथिनाला अडवलं, तर बरं होणं पुन्हा लांबलं. म्हणजे वेदनेचं शमणं ही एक सक्रिय प्रक्रिया आहे आणि तिला प्रतिकारपेशींची गरज असते. सरसकट सगळा दाह दडपण्याचं औषध शोधण्याऐवजी शमनाची ही वाट कशी मोकळी करायची, हा प्रश्न आज अधिक महत्त्वाचा आहे.

सध्या हातात असलेले उपाय मर्यादित आहेत. केमोनंतरच्या चेतावेदनेवर रीतसर चाचणीत उपयोग दिसलेलं औषध म्हणजे ड्युलॉक्सेटिन. तेही वेदना कमी करतं, पुसून टाकत नाही. अरोमाटेज रोधकांमुळे होणाऱ्या सांधेदुखीत नियमित व्यायामाने फरक पडतो. केमो चालू असतानाच मुंग्या किंवा बधिरपणा डॉक्टरांना सांगितला, तर मात्रा कमी करणं किंवा औषध बदलणं शक्य असतं, म्हणून तेव्हा सहन करत गप्प बसू नये. आणि उपचारांनंतर नव्याने सुरू झालेलं, वाढत जाणारं किंवा रात्री जागं करणारं दुखणं दाहाच्या खात्यावर परस्पर टाकू नये. कॅन्सर परतला नाही ना, याची तपासणी आधी व्हायला हवी.