विकासशील मनोवृत्ती व ध्येयनिश्चिती (प्राथमिक शिक्षण)

विकासशील मनोवृत्ती व ध्येयनिश्चिती : क्षमता प्रयत्नाने, योग्य पद्धतीने व इतरांच्या मदतीने वाढते, या धारणेला विकासशील मनोवृत्ती (ग्रोथ माइंडसेट) म्हणतात; क्षमता जन्मतःच ठरलेली असते, ही धारणा स्थिर मनोवृत्ती होय. ही विभागणी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक (१९४६– ) यांनी रूढ केली. प्राथमिक वर्गात विकासशील मनोवृत्ती रुजविण्याच्या जोडीने मुलांकडून ध्येये ठरवून घेतली जातात.

उगम : उगमाविषयी मतभेद आहेत. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेद बीने यांनी १९०९ मध्ये, बुद्धी वाढवता येत नाही या मताचा कडक निषेध केला आणि मागे पडणाऱ्या मुलांसाठी अवधान व स्मृती यांचे व्यायाम सुचविले. काही लेखक येथूनच प्रारंभ मानतात. तथापि मुलाची स्वतःच्या बुद्धीविषयीची धारणा हा बीने यांचा विषय नव्हता. त्यांना फार तर पूर्वसूरी म्हणता येईल. विसाव्या शतकाच्या सातव्या व आठव्या दशकांतील ‘शिकलेली असहायता’ (काही केले तरी उपयोग नाही, असे अनुभवातून शिकून प्रयत्न सोडणे) या विषयावरील संशोधनातून संकल्पना निघाली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सेलिगमन व मायर या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात (१९६७) विजेचे अटळ झटके सोसलेले कुत्रे पुढे सुटका शक्य असूनही धडपडत नव्हते. ड्वेक यांनी १९७५ मध्ये ८ ते १३ वर्षांच्या, अपयश येताच गणित सोडून देणाऱ्या १२ मुलांवर प्रयोग केला. एका गटाला केवळ यश मिळेल अशी उदाहरणे दिली. दुसऱ्याला अधूनमधून अपयश येऊ दिले व प्रयत्न कमी पडला असे सांगितले. पुढे अपयशानंतरही टिकून राहिला तो दुसरा गट. मनोवृत्तीची आजची परिभाषा मात्र साधारणतः २००६ नंतर सर्वत्र पसरली.

ध्येये : येथे दोन परंपरा एकत्र आल्या आहेत. शिकण्यासाठी शिकणे की इतरांना कौशल्य दाखविण्यासाठी, हा भेद ड्वेक, निकल्स व एम्स यांचा. नेमके व थोडे अवघड ध्येय कामगिरी उंचावते, हा लॉक व लेथम यांचा सिद्धांत बव्हंशी प्रौढांच्या कामाच्या अभ्यासातून आला. लहान मुलांच्या संदर्भात बंडुरा व शंक यांचा प्रयोग (१९८१) सर्वांत उद्‌बोधक आहे. वजाबाकीत कच्च्या असलेल्या ४० मुलांपुढे ४२ पानांचा स्वाध्याय होता. काहींना प्रत्येक बैठकीत ६ पाने, तर काहींना सातव्या बैठकीअखेर सर्व ४२ पाने, असे ध्येय सुचविले. जवळच्या ध्येयाने वजाबाकी सुधारली, आत्मविश्वास वाढला आणि गणिताची गोडीही लागली. दूरच्या ध्येयाचा असा परिणाम दिसला नाही.

प्रशंसा : म्युलर व ड्वेक (१९९८) यांनी पाचवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. चांगल्या गुणांबद्दल काहींना ‘तू हुशार असशील’, तर काहींना ‘तू मेहनत घेतली असशील’ अशा आशयाची शाबासकी मिळाली. मग अवघड कोडी देऊन अपयश अनुभवू दिले. त्यानंतर पहिल्याइतक्याच सोप्या कोड्यांत हुशारीची स्तुती झालेली मुले घसरली, मेहनतीची झालेली सुधारली. अनोळखी मुलांना आपले गुण कळविताना ते वाढवून सांगणारेही पहिल्या गटात अधिक होते.

मूल्यमापन : सिस्क व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये केलेल्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात विकासशील मनोवृत्ती शिकविणाऱ्या उपक्रमांचा सरासरी परिणाम अल्प (प्रमाणित फरक ०·०८) आढळला. अमेरिकेतील नववीच्या विद्यार्थ्यांच्या मोठ्या चाचणीत (२०१९) तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन उपक्रमाने कमी गुणांच्या विद्यार्थ्यांची थोडी प्रगती झाली. पण ते वय प्राथमिक नव्हे. इंग्लंडमध्ये १०१ प्राथमिक शाळांतील सहावीच्या वर्गांत घेतलेल्या चाचणीत (२०१९) भाषा वा गणितात अतिरिक्त प्रगती दिसली नाही. त्यामुळे प्राथमिक वर्गासाठी मनोवृत्तीच्या स्वतंत्र पाठांपेक्षा जवळची ध्येये व कामाविषयीचा नेमका अभिप्राय यांचा आधार अधिक भक्कम दिसतो. खुद्द ड्वेक यांनीही २०१५ मध्ये, मूल शिकत नसताना केवळ प्रयत्नाची वाहवा करणे हा संकल्पनेचा विपर्यास असल्याचे स्पष्ट केले. अडलेल्या मुलाला नवी युक्ती सुचविणे व मदत कशी मागावी हे शिकविणे त्या आवश्यक मानतात.