डायनामो किती अँपिअरचा?

शेजारच्या मुलाने काकांची जुनी मारुती 800 घेतली आणि वर्षभर तिला सजवत राहिला. बाहेरून एसी बसवला, हेडलाइटला 100/90 वॅटचे बल्ब टाकले, डिकीत ॲम्प्लिफायर आणि वूफर ठेवला. मे महिन्यातल्या एका रात्री त्याच्यासोबत नागपुरात धंतोलीहून वर्धा रोडने निघालो. अजनी चौकात सिग्नल लागला आणि हेडलाइट गाण्याच्या ठेक्यावर मिणमिणायला लागले. त्याला मोठी मौज वाटली. पंधरा दिवसांनी सकाळी बॅटरी उतरलेली, गाडीने सेल्फच घेतला नाही.

"भाऊ, डायनामो मोठा टाकून द्या ना, एकशेवीसचा," ऑटो इलेक्ट्रिशियनने सुचवलं. गॅरेजमध्ये अजून सगळे डायनामोच म्हणतात, पण खरा डायनामो जुन्या अँबेसिडर-फियाटबरोबर गेला. आता गाडीला वीज पुरवतो आणि बॅटरी भरतो तो अल्टरनेटर. त्यात पट्ट्यावर फिरणारं विद्युतचुंबक बाहेरच्या तीन गुंडाळ्यांत उलटसुलट वाहणारी (एसी) वीज तयार करतं, डायोड तिला एकाच दिशेने वाहणारी (डीसी) करतात आणि रेग्युलेटर व्होल्टेज 14 च्या आसपास धरून ठेवतो. 1960 च्या क्रायस्लर व्हॅलियंट गाडीत तो कारखान्यातूनच बसवलेला आला. इंजिन संथ असतानाही तो डायनामोपेक्षा बरी वीज देतो, हाच त्याचा मोठा गुण. आमची अडचणही नेमकी इंजिन संथ असतानाच होती.

आम्ही कागद घेऊन बसलो. रात्र, एसी सुरू, गाडी सिग्नलवर उभी. वॅटला साडेतेरा व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. 90 वॅटचे दोन डिपर म्हणजे 13. पार्किंग आणि मीटरचे दिवे 2, ब्रेक लाइट 3. पेट्रोल पंप, इग्निशन आणि इंजिनचं कंट्रोल युनिट मिळून 8. रेडिएटर आणि कंडेन्सरचे पंखे 15, एसीचा ब्लोअर 10, कॉम्प्रेसरचा क्लच 3. ॲम्प्लिफायरच्या खोक्यावर हजार वॅट छापलेले होते, पण त्या आकड्याला लग्नपत्रिकेतल्या मुहूर्ताइतकीच किंमत द्यायची. गाणं चालू असताना सरासरी 12 अँपिअर धरले. बेरीज 66.

गाडीतला अल्टरनेटर 55 अँपिअरचा. म्हणजे 11 कमी पडतात, असं त्याला वाटलं. पण पाटीवरचा आकडा अल्टरनेटर मिनिटाला 6000 फेरे घेत असतानाचा असतो, तोही थंड हवेत चाचणी घेऊन काढलेला. सिग्नलवर इंजिन 850 फेऱ्यांवर असतं. पुलीच्या आकारातल्या फरकामुळे अल्टरनेटर त्याच्या सव्वादोन पट, म्हणजे 1900 च्या आसपास फिरतो. त्या वेगाला पाटीवरच्या आकड्याच्या निम्मंही हाती लागेल याची खात्री नसते. त्यात नागपूरचा मे महिना! तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्के वाढतो. बॉनेटखाली तापलेली गुंडाळी 25 अंशांवरून 105 वर गेली की रोध जवळपास तीस टक्के वाढलेला असतो, आणि वीज आणखी घटते. आम्ही 25 अँपिअर धरले. उरलेले 41 बॅटरीतून जात होते, आणि बॅटरी 35 अँपिअर-तासाची! (उन्हाळ्यात दुपारी शहरातले बरेच सिग्नल बंद ठेवतात, तो दिलासा माणसांसाठी असला तरी अशा गाड्यांनाही लाभतो.)

मग 120 चाच का नको? मोठा अल्टरनेटर वायरिंगमध्ये जास्त करंट कोंबतो आणि गाडी जाळतो, ही भीती मला चुकीची वाटते. उपकरणं ओढतील तेवढाच करंट जातो. खरा प्रश्न पट्ट्याचा. 120 अँपिअर म्हणजे 14 व्होल्टवर 1680 वॅट. अल्टरनेटरची कार्यक्षमता साधारण 55 टक्के धरली तर इंजिनकडून तीन किलोवॅट, म्हणजे चार अश्वशक्ती. सगळं इंजिन मिळून 37 अश्वशक्तीचं, आणि तो एकच बारीक व्ही-बेल्ट. किंचाळेल आणि घसरेल.

म्हणून आधी खर्च कमी केला. साधे 60/55 चे बल्ब परत लावले, ब्रेक लाइटला एलईडी टाकले, ॲम्प्लिफायर बदलून कमी वीज खाणारा क्लास-डी घेतला. 66 चे 55 झाले. मग 75 चा अल्टरनेटर निवडला. तापल्यावर तो रस्त्यावर 68 देतो, म्हणजे 13 शिल्लक. सिग्नलवर 40 च्या आसपास, म्हणजे 15 ची तूट. तीन मिनिटांच्या सिग्नलची तूट चार मिनिटांच्या रस्त्यात भरून निघते. सिग्नलवर तूट अजिबात नको, असा हट्ट छोट्या गाडीत धरू नये असं माझं मत आहे.

एक काम बहुतेक जण विसरतात. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची जुनी वायर 6 चौरस मिलिमीटरची होती. दीड मीटर लांबीत 75 अँपिअर गेले की तिथेच तिसरा हिस्सा व्होल्ट गळतो आणि 25 वॅटची उष्णता होते. ती 16 ची केली, योग्य फ्यूजसकट, आणि इंजिनची अर्थिंगही तशीच जाड केली.

त्याला दुकानातून वीज साठवणारा एक फॅरडचा कॅपॅसिटरही आणायचा होता, दिवे लुकलुकू नयेत म्हणून. व्होल्टेज 14 वरून 12 वर येईपर्यंत त्यातून जेमतेम 26 ज्यूल निघतात. 500 वॅटच्या दणक्याला ते सेकंदाचा विसावा भाग पुरतात. ते पैसे वायरमध्ये गेले.

परवा रात्री पुन्हा अजनी चौकात थांबलो. वायरभोवती अडकवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर बॅटरीतून 14 अँपिअर जाताना दाखवत होता, व्होल्टमीटर 12.5. सिग्नल सुटला, खापरीच्या दिशेने गाडीने वेग घेतला आणि व्होल्टमीटर 13.7 वर गेला. वूफर अजून डिकीत आहे, त्यामुळे काकू मागच्या सीटवर बसायला तयार नाहीत.