हुद्द्यांची उतरंड कुठून आली

‘करिअर’ हा शब्द फ्रेंचमधून आला. त्याचा जुना अर्थ शर्यतीची धावपट्टी. आयुष्यभराच्या नोकरीधंद्याच्या वाटचालीसाठी तो रुळला एकोणिसाव्या शतकात, आणि ते साहजिक होतं. त्याआधी कचेरीत धावायला एवढी लांब पट्टीच नव्हती.

व्यापारी पेढीवर मालक, दोन-तीन कारकून आणि एखादा शिकाऊ उमेदवार, एवढीच माणसं असत. कारकून उतरत्या फळीच्या उंच मेजाशी स्टुलावर बसून पिसाच्या लेखणीने दिवसभर पत्रांच्या नकला उतरवी. काम कंटाळवाणं खरं, पण त्याच खोलीत मालक सौदे करत असे आणि ते त्याच्या कानांवर पडत. नकला करता करता धंदा कळायचा. सगळेच नाही, पण काही कारकून पुढे भागीदारही झाले.

रेल्वेने हे चित्र बदललं. 5 ऑक्टोबर 1841 ला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये वेस्टर्न रेलरोडच्या दोन प्रवासी गाड्या समोरासमोर धडकल्या. त्यानंतर कोणी कोणाला हुकूम द्यायचा आणि कोणी कोणाला अहवाल द्यायचा, हे त्या कंपनीने लेखी ठरवलं. म्हणजे हुद्द्यांची ही साखळी मुळात माणसांचे जीव वाचवण्यासाठी बांधली गेली. 1855 मध्ये न्यूयॉर्क अँड ईरी रेलरोडच्या डॅनियल मॅकॅलम यांनी आपल्या कंपनीतल्या हुद्द्यांचा तक्ता झाडासारखा काढवून घेतला. त्यात संचालक मंडळ आणि अध्यक्ष तळाशी, मुळांच्या जागी आहेत. फांद्या वर पसरत जातात आणि टोकाला प्रत्यक्ष गाड्या चालवणारी माणसं. साहेब वर आणि बाकीचे खाली ही मांडणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तो तक्ता पाहताना क्षणभर गोंधळायला होतं.

माझ्या मते सर्वांत खोल रेघ मात्र 1854 मध्ये ब्रिटनमध्ये आखली गेली. सरकारी नोकरभरतीवरच्या नॉर्थकोट–ट्रेव्हेल्यन अहवालाने वशिल्याऐवजी स्पर्धा परीक्षेतून नेमणुका सुचवल्या. हे मोठंच काम होतं. 1870 पासून ते बऱ्याच खात्यांत लागूही झालं. पण त्याच अहवालाने सरकारी कामाचे ‘बौद्धिक’ आणि ‘यांत्रिक’ असे दोन भाग पाडले. विचार करणारे एका परीक्षेतून येणार, नकला करणारे दुसऱ्या. पेढीवरच्या कारकुनाला जी वाट होती, ती इथे दारातच अडली. किती वर चढायचं हे कुठल्या दाराने आत आलात यावर ठरू लागलं.

1874 च्या सुमारास टाइपरायटर बाजारात आला आणि पुढच्या काही दशकांत स्त्रिया मोठ्या संख्येने कचेरीत आल्या, त्याही बहुतेक खालच्याच पायरीवर. ब्रिटिश सरकारी नोकरीत लग्न झालं की त्यांना राजीनामा द्यावा लागे. देशांतर्गत सेवेतली ही अट 1946 मध्ये उठली, परराष्ट्र सेवेत तर 1973 पर्यंत टिकली.

पुढे पायऱ्यांना आकडे लागले. अमेरिकेच्या संघीय सरकारने 1949 च्या कायद्याने 18 श्रेणी ठरवल्या. आकडा आला तसा महत्त्वाकांक्षेला मापही आलं: बढती म्हणजे पुढचा आकडा. आणि वरचे आकडे बहुतेक माणसं सांभाळण्याचे. चांगल्या अभियंत्याला पगार वाढवून हवा तर त्याने आपलं काम सोडून इतरांचं काम बघायचं. यावर उपाय म्हणून संशोधन करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी तज्ज्ञांसाठी दुसरी, समांतर शिडी काढली; आयबीएमने 1960 च्या दशकात सुरू केलेलं ‘फेलो’ हे पद तिच्या टोकाचं. तिथे माणूस संशोधकच राहून वर जाऊ शकतो. बहुतेक कचेऱ्यांत मात्र ही दुसरी शिडी अजून उभीच राहिलेली नाही.